मोटर जळाली ते सांगतो, पैसे कुठून आणले ते नाही

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात कोणाच्या घरी काही बिघडलं की दुपारपर्यंत ते गावभर होतं. वावधनात, म्हणजे वादळात, टिनं उडाली, विजेची डीपी उडाली आणि तिच्यासोबत टीव्हीही गेला, रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, रातोरात तुरीचे शेंडे खाल्ले, पोराचा मोबाईल विहिरीत पडला. पानठेल्यावर हे सगळं रंगवून सांगितलं जातं. ऐकणारे हसतात, हळहळतात आणि फुकटचा सल्लाही देतात. पण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही. दुरुस्तीला पैसे कुठून आले, काय व्याजानं आले, कधी परत करायचे हे विचारलं की माणूस खर्रा घोटत म्हणतो, "केलं अ‍ॅडजेस." मग विषय पावसावर जातो.

हे गप्प बसणं आपल्याला फार महाग पडतं आहे, असं माझं म्हणणं आहे. ज्याचं कर्ज त्याचा तो प्रश्न, असं आपण धरून चालतो. पण गावातल्या प्रत्येकानं आपापला व्याजदर पोटात ठेवला की सगळ्या गावाचा व्याजदर वाढतो. मग तो खाजगी प्रश्न राहत नाही.

विहिरीवरच्या मोटरचंच घ्या.

"मोटर जयली ना राजा."

"कुठी टाकली?"

"दिग्रसले."

"किती सांगतले?"

आकडा सांगायचा अवकाश, तिघेजण एकदम बोलतात. एक म्हणतो, लय सांगतले, आर्णीले टाक. दुसरा म्हणतो, तांब्याचा तार टाकतो म्हन्ते अन् अ‍ॅल्युमिनियमचा भरते, समोर बसून भरून घे. तिसरा जास्त हुशार असतो. तो म्हणतो, जुना तार वापस माग, त्याचे भंगारात पैसे येते. पाच मिनिटांत त्या माणसाला एवढी माहिती मिळते की जळालेल्या मोटरीत नवा तार भरून देणारा कोणताही वायंडिंगवाला त्याला सहजासहजी फसवू शकत नाही. पाच एचपीच्या मोटरचं वायंडिंग कुठे कितीला होतं हे गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. ते पाठ आहे म्हणूनच तालुक्यातल्या दुकानदारांचे भाव एकमेकांच्या आसपास राहतात.

आता त्याच वायंडिंगसाठी याच माणसानं दहा हजार रुपये शेकडा पाचनं उचलले असं धरा. शेकडा पाच म्हणजे महिन्याला शंभरामागे पाच. महिन्याचे पाचशे, वर्षाचे सहा हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चा आहे. त्याखाली सरकारनं ठरवून दिलेला दर शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के आहे. म्हणजे परवाना असलेल्या सावकाराला या दहा हजारांवर वर्षाला जास्तीत जास्त बाराशे घेता येतात. सहा हजार आणि बाराशे यांत जो फरक आहे, त्यातून मोटरचं निम्मं वायंडिंग पुन्हा होतं. चक्रवाढ व्याज लावायला तर कायद्यानं बंदीच आहे आणि दिलेल्या पैशाची पावती मिळणं हा कर्जदाराचा हक्क आहे. हे पानठेल्यावर कोणी सांगत नाही, कारण पाच टक्क्याचं नावच तिथे निघत नाही.

यात आणखी एक गोम आहे. गावात पैसे देणारा तोच असतो, पण एकाला तीननं देतो, दुसऱ्याला पाचनं, आणि ज्याच्या घरी माणूस दवाखान्यात भरती आहे त्याला दहानं. तिघेही संध्याकाळी एकाच बाकावर बसतात आणि तिघांनाही वाटतं की आपल्यालाच त्यानं सांभाळून घेतलं. असा सावकार पैशापेक्षा जास्त विकतो ती गुपितता. "कोनाले समजनार नाई, तू काळजी नको करू" हे वाक्य त्याच्या धंद्याचं भांडवल आहे. बँकेत जायचं तर सातबारा, जामीनदार, बाकी नसल्याचा दाखला म्हणजे बेबाकी, चार चकरा, आणि त्या चकरांत चार ओळखीचे भेटणार. पीककर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीची थकबाकीदारांची यादी भिंतीवर लागते. सावकाराची कुठेच लागत नाही. माणूस त्या न लागणाऱ्या यादीचे पैसे मोजतो.

शहरातल्या पगारदाराला वाटेल की दहा-पाच हजारांसाठी एवढं काय. त्याचा पगार दर महिन्याला येतो, आणि बिघाडही दर महिन्यालाच होतात, म्हणून त्याचं जमून जातं. इकडे पैसा येतो तो दसरा-दिवाळीला सोयाबीन निघाल्यावर, मग कापसाच्या वेचण्यांवर, मग तुरीवर. फाल्गुन सरला की घरात येणं जवळजवळ बंद. आणि आमच्याकडचे सगळे बिघाड नेमके तिथूनच सुरू होतात. लग्नसराई, वावधन, कूलर, पोरांच्या अ‍ॅडमिशन्या, मग बियाणं-खत. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातला हा प्रकार. चैत्र ते आषाढ या चार महिन्यांत घेतलेला पैसा दिवाळीपर्यंत वाहून न्यावा लागतो आणि तोवर त्याचं व्याज वाढत राहतं.

कूलरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण विदर्भाबाहेरच्या माणसाला कूलर म्हणजे चैन वाटते. मे महिन्यात टिनाच्या घरात कूलरशिवाय म्हाताऱ्या माणसाला आणि तान्ह्या मुलाला दिवस काढणं कठीण असतं. हा कूलर बहुतेक वेळा तालुक्याच्या गावात ठोकून घेतलेला, पत्र्याच्या अंगाचा. त्याला पंप, पंख्याची मोटर, ओली खस, खाली सांडलेलं पाणी. घराला अर्थिंग नाही किंवा आहे पण नावाचं. वायरचं इन्सुलेशन कुठेतरी घासलं की सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. बाई बादली घेऊन पाणी टाकायला जाते, पाय ओले, जमीन ओली, आणि तिचा हात पत्र्याला लागतो. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत अशी बातमी येते. गावात असं एखाद्या घरी घडतं तेव्हा पुढचे पंधरा दिवस पानठेल्यावर तोच विषय असतो. पाणी टाकायच्या आधी पिन काढा, नुसतं बटन बंद करून चालत नाही, कूलरच्या खाली लाकडी स्टँड घ्या, पोरांना जवळ फिरकू देऊ नका. हे आमच्या गावात वीज कार्यालयानं येऊन शिकवलेलं नाही. गप्पांनी शिकवलेलं आहे, आणि त्यातून माणसं खरोखर वाचली आहेत.

अपघाताची गोष्ट सांगितल्यानं दुसऱ्याचा अपघात टळतो हे आपल्याला कळतं. कर्जाची गोष्ट सांगितल्यानंही टळतो. मग तिथेच आपली बोबडी का वळते?

सरकारचंही याच ठिकाणी घोडं अडतं. शेतकऱ्याचं कर्ज म्हणजे पीककर्ज, अशी सगळ्या योजनांची समजूत आहे. २००८ ची केंद्राची कर्जमाफी घ्या, २०१७ ची दीड लाखापर्यंतची घ्या किंवा २०१९ ची दोन लाखांपर्यंतची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती घ्या. सगळ्यांचा हिशेब बँका आणि सोसायट्यांच्या खातेवहीतला. २०१७ ला तर याद्यांचं चावडीवाचन करायला लावलं होतं. गंमत अशी की जे कर्ज सगळ्यात स्वस्त होतं त्याचं चावडीवर वाचन झालं आणि जे सगळ्यात महाग होतं ते चावडीच्या पायरीवर बसून गुपचूप ऐकत राहिलं.

आणि स्वस्त कर्ज टिकवायलाही महाग कर्ज लागतं. ज्याला आपण 'नवं-जुनं' म्हणतो त्याचा हिशेब कधी कोणी मोठ्यानं मांडला आहे का? पीककर्ज मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. योजना चांगली आहे. पण मुदत येते तेव्हा हातात रक्कम नसते. मग कोणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे उचलायचे, बँकेत भरायचे, नवं कर्ज मंजूर झालं की त्यातून त्याचे त्याला द्यायचे. पंधरा दिवसांचे दोन-तीन टक्के तो आधीच कापून घेतो. कागदावर शून्य टक्के, खिशातून मात्र टक्के गेलेले. बँकेचं पोर्टल म्हणतं परतफेड झाली, सावकार म्हणतो धंदा झाला, आणि कास्तकार म्हणतो, केलं अ‍ॅडजेस. त्यात वर्धा, नागपूर, बुलडाणा या जिल्ह्यांच्या मध्यवर्ती सहकारी बँका मधली कितीतरी वर्षं डबघाईला आलेल्या होत्या. तिथल्या लोकांना गावच्या सोसायटीचं दारच बंद झालं होतं, ते कोणाच्या दारात गेले हे वेगळं सांगायला नको.

घरखर्चालाही शेतीच्या कर्जात जागा आहे, हे किती जणांना माहीत आहे? किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवताना पिकाच्या खर्चावर आणखी १० टक्के काढणीनंतरच्या आणि घरच्या गरजांसाठी आणि २० टक्के शेतीच्या अवजारांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी धरायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे मोटरचं वायंडिंग बसतं की त्यात. लाखाच्या पीककर्जावर तीस हजार ही काही थोडकी रक्कम नाही. ते आपल्या मर्यादेत धरले आहेत की नाही, हे मॅनेजरला विचारायला तोंड उघडावं लागतं. एकट्यानं विचारलं तर तो म्हणेल पुढच्या वर्षी बघू. चौघांनी एकाच आठवड्यात विचारलं तर त्याला कागद काढून बघावा लागेल. चौघांनी विचारायचं तर आधी चौघांनी एकमेकांशी बोललेलं असलं पाहिजे.

एक गोष्ट लिहायला हात जड होतो, पण ती टाळून हा विषय पुरा होत नाही. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मदत द्यायची की नाही हे ठरवताना पात्र-अपात्र असे शेरे पडतात. त्या निकषात मोजलं जाणारं कर्ज म्हणजे राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं. विनापरवाना सावकाराचं, पाहुण्याचं, कृषी केंद्राच्या उधारीचं कर्ज कागदावर नसतंच, म्हणून मोजलंही जात नाही. तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा बायकोला माहीत नसतं की नवऱ्यानं कोणाकडून किती घेतले होते. जो माणूस जिवंतपणी घरातसुद्धा बोलला नाही, त्याचं कर्ज मेल्यावर सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर येते. हा निकष बदलला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण घरातलं मौनही त्याच तक्त्यात लिहावं लागेल.

घरातलं मौन किती खोल असतं याचा एक छोटा नमुना. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कटतात. कशाचे, विचारलं तर घरचे म्हणतात, बँकवाले कापतातच काही ना काही. ते प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे असतात, अपघाती मृत्यू आला तर दोन लाखांचं संरक्षण. त्याखेरीज साप चावून, वीज पडून शेतकऱ्याचा मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन लाख मिळतात. त्याचा प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत गेला पाहिजे. तेरवीपर्यंत रडण्यात जातात, मग कोणीतरी सांगतं, मग कागद जमवायला लागतात. नवरा-बायकोत एकदा तरी पासबुक उघडून बोलणं झालेलं असलं तर हे दिवस वाया जात नाहीत.

आता दुसरी बाजू. लोक मूर्ख आहेत म्हणून लपवतात असं कोणी समजू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण काही उगीच झाली नाही. आधीच शेती करणाऱ्या पोराला पोरगी मिळत नाही. त्यात पाहुणे गावात येतात तेव्हा आधी पानठेल्यावरच चौकशी करतात. बापावर किती आहे, वावर मोकळं आहे का गहाण आहे. कोणी सहज बोलून गेलं तर जुळत आलेली सोयरिक मोडते. कृषी केंद्रवाल्याला कळलं की याच्यावर फायनान्सचे हप्ते आहेत, तर तो जूनमध्ये उधारीवर बियाणं द्यायला का-कू करतो. भावाला कळलं तर वाटणीच्या वेळी बोलून दाखवतो. हे सगळे तोटे खरे आहेत, रोख आहेत, आणि न बोलण्याचे तोटे मात्र व्याजातून हळूहळू जातात म्हणून दिसत नाहीत. कोणी सभेत उभं राहून "लाज सोडा, बोला" असं म्हणायला लागला की मला त्याचा राग येतो. लाजेची किंमत त्याला मोजायची नसते.

बायकांकडे बघितलं तर वेगळंच चित्र दिसतं. सरकारच्या 'उमेद' अभियानातल्या बचत गटांची पंचसूत्री आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. बैठकीत कोणाला किती दिले, कशासाठी दिले, किती परत आले हे सगळ्यांसमोर वाचलं जातं. गटातून शंभरामागे महिन्याला एक-दोन रुपयांनी पैसे मिळतात, आणि ते व्याजही गटातच राहतं. तिथे आजारपणाला पैसे मागायला कोणी लाजत नाही, कारण सगळ्यांनीच कधी ना कधी मागितलेले असतात. गावातली सगळ्यात मोकळी पैशाची चर्चा ज्या बायका करतात, त्यांचे नवरे बाहेर पानठेल्यावर व्याजाचा विषय निघाला की आभाळाकडे बघतात.

पण बोलतं केलं म्हणजे सगळं भलं झालं, असंही नाही. त्याच बायकांना फायनान्स कंपन्यांनी गट करून कर्जं दिली. तिथेही बैठक होते, तिथेही नावं वाचली जातात. फरक एवढाच की एकीचा हप्ता राहिला तर बाकीच्यांना उठू देत नाहीत, आणि मग चार बायका पाचवीच्या दारात जाऊन बसतात. तो मोकळेपणा नव्हे, तो वसुलीचा मार्ग आहे. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की अशा कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते त्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. आता कापसावर जगणाऱ्या घराचं महिन्याचं उत्पन्न एजंट कसं काढतो, ते त्यालाच ठाऊक. नियम आहे हे घराला माहीत नसतं, म्हणून कोणी त्याला विचारतही नाही.

आपल्याकडे पैशाचं चारचौघांत बोलायची रीत नवी नाही. गाडगेबाबा मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे वाढले आणि त्या घराची जमीन सावकाराच्या कर्जात गेलेली त्यांनी पाहिली होती. पुढे कीर्तनात ते समोरच्या माणसांना सरळ प्रश्न विचारत, लोकांकडून उत्तर वदवून घेत, आणि त्यात कर्ज काढून सण-लग्न करण्याचा विषय हमखास असे. कोणाचं नाव घेतलेलं नसायचं, पण प्रत्येकाला आपलं उत्तर आपल्या तोंडून द्यावं लागायचं.

माझं मागणं त्याहूनही लहान आहे. आकडा सांगू नका. किती घेतले, कशासाठी घेतले, वावर गहाण आहे का, हे तुमच्याजवळ ठेवा. सोयरिकही सांभाळा. फक्त दर सांगा. "सध्या शेकडा कितीनं भेटून राह्यलं?" एवढाच प्रश्न ठेल्यावर निघाला पाहिजे, जसा "कापूस आज कितीनं घेतला खेडा खरेदीवाल्यानं" हा निघतो. दर सांगितल्यानं कोणाची इज्जत जात नाही, कारण दर कोणा एकाचा नसतो. पण तीनवाला, पाचवाला आणि दहावाला एका बाकावर आपापले दर बोलले, तर दहावाला दुसऱ्या दिवशी भांडायला जाईल. निदान पुढच्या वेळी घासाघीस तरी करेल. मोटरच्या बाबतीत आपण हेच करतो.

मी हे आमच्या ठेल्यावर बोललो तेव्हा एक म्हातारे कास्तकार म्हणाले, "बोलाले काय जाते बापू, पन ज्याले अर्ध्या रात्री दवाखान्यात पैसे लागते तो दर इचारत बसत नाई." खरं आहे. अर्ध्या रात्री कोणी घासाघीस करत नाही. म्हणूनच ती दिवसा, गरज नसताना व्हायला हवी. आपल्या गावात परवाना असलेला सावकार कोण, दर काय, तक्रार करायची तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, हे आधी माहीत असलेला माणूस रात्रीही थोडा वेगळा वागतो.

त्यासाठी सरकारनं फार काही करायची गरज नाही. बाजार समितीत सोयाबीनचा भाव रोज फळ्यावर लागतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हात धुण्याचे टप्पे रंगवलेले असतात. त्याच्या शेजारी चार ओळी रंगवा. शेतकऱ्याला सावकारी व्याज जास्तीत जास्त किती, परवानाधारक सावकारांची नावं, चक्रवाढ व्याज बेकायदा, पावती मागा. ग्रामसभेत वर्षातून एकदा तो फळा मोठ्यानं वाचा. २०१७ ला चावडीवाचन करता आलं होतं, तर हेही करता येईल.

हे ऐकून ठेल्यावर एकानं पिंक टाकत विचारलं, "अन् सरपंचच व्याजानं पैसे देत असन तं, मंग लिहीन कोन?" त्यावर हसले सगळे. मग सोसायटीच्या भिंतीवर लिहा, असं मी म्हणालो. तिथे ग्रामपंचायतीचं चालत नाही. आणि ज्या दिवशी कोणी येऊन त्या ओळींवर चुना फासेल, त्या दिवशी गावात व्याजानं पैसे देणारा कोण, हे तरी सगळ्यांसमोर येईल.